खिळा कुठे सापडला?

मागच्या अंकात एका मोडक्या शेतघराच्या उत्खननावर लिहिलं होतं. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, लष्कराच्या सरावाच्या जमिनीत, जंगलाने गिळलेलं ते घर. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलंय. नव्या वाचकांना सांगते, मी गेली बावीस वर्षं अमेरिकेत पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळेत आहे. रस्ता, पाइपलाइन किंवा लष्कराची एखादी इमारत उभी राहण्याआधी त्या जमिनीत काय दडलंय ते पाहायला पथकं जातात. त्यांनी आणलेल्या पिशव्या माझ्या टेबलावर येतात. धुणं, मोजणं, ओळखणं, नोंदणं हे माझं काम. उन्हाळ्यात मीही उत्खननाच्या जागी माती गाळायला चाळणीवर उभी राहते.

प्रश्न : न्यू जर्सीत आम्ही जुनं घर घेतलंय. मागच्या अंगणात फुलझाडांसाठी वाफा खणताना गंजलेले खिळे, पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे आणि आरपार भोक असलेली मातीची पांढरी नळी मिळाली. सगळं एका डब्यात ठेवलंय. किती जुनं असेल? काही किंमत येईल का?

आधी मला विचारू द्या, कुठला तुकडा कुठे सापडला? स्वयंपाकघराच्या दारापासून किती पावलांवर, किती खोल, कुठल्या रंगाच्या मातीत? सगळं एका डब्यात गेलं की निम्मी माहिती तिथेच जाते. आठवतंय तोवर आज रात्रीच अंगणाचा साधा नकाशा काढा आणि त्यावर फुल्या मारा. यापुढे जे निघेल ते वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठीसकट. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने फुटते. आणि खिळे पाण्यात बुडवू नका, कोरड्या ब्रशने माती झाडा.

आता एक खिळा दोन बोटांत धरून फिरवा. लोहाराने घडवलेला असेल तर तो चारही बाजूंनी निमुळता होत जातो आणि डोक्यावर हातोड्याच्या घावांचे पैलू दिसतात. लोखंडी पट्टीतून यंत्राने कापलेला खिळा दोनच बाजूंनी निमुळता असतो, बाकीच्या दोन बाजू समांतर आणि टोक बोथट. असे खिळे १७९० च्या दशकापासून येऊ लागले आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं अमेरिकेतली घरं त्यांच्यावर उभी राहिली. आज दुकानात मिळतो तो तारेचा गोल खिळा १८९० च्या दशकात त्यांच्यावर वरचढ झाला. मात्र जुने खिळे सरळ करून पुन्हा वापरायची पद्धत होती, त्यामुळे एका खिळ्यावरून घराचं वय सांगू नये. कुठल्या प्रकारचे किती आणि कुठे पडलेत, ते पाहावं लागतं.

खिळा मोजताना कंटाळा करू नका, असं मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगते. व्हर्जिनियात माँटिसेलो इथे टॉमस जेफरसन यांनी १७९४ साली खिळ्यांचा कारखाना सुरू केला. गुलामीत जन्मलेली दहा ते सोळा वर्षांची मुलं तिथे दिवसभर भट्टीपुढे उभी राहून लोखंडी कांबीपासून खिळे घडवायची. कुणाला किती लोखंड दिलं, त्याने किती खिळे केले, किती लोखंड वाया घालवलं, याचा हिशेब जेफरसन मुलांच्या नावानिशी वहीत लिहायचे. ती वही आजही वाचता येते. ज्या रांगेत हा कारखाना होता त्या मलबेरी रोवर उत्खननही झालंय. वाया गेलेलं लोखंड वहीत एक आकडा आहे. जमिनीत मात्र तो एका पोराच्या हातून वाकडा झालेला खिळा असतो, आणि त्याचे त्या दिवशी काय हाल झाले असतील याचा विचार मनातून जात नाही.

पांढरी नळी म्हणजे तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपची दांडी. ही तुमच्या डब्यातली सगळ्यात बोलकी वस्तू. जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञांनी शेकडो दांड्यांची भोकं मोजली आणि १९५४ साली दाखवून दिलं की काळ पुढे सरकतो तसं भोक बारीक होत जातं. सतराव्या शतकाच्या आरंभी ते इंचाचे नऊ चौसष्टांश असायचं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चार चौसष्टांशावर आलं. मोजायला त्यांनी ड्रिलची पाती वापरली, मीही तीच वापरते. पात्याचा मागचा गुळगुळीत भाग हळूच आत घालून बघा, कुठलं नेमकं बसतं ते. १९६२ साली लुईस बिनफर्ड यांनी या मोजमापावरून सरासरी वर्ष काढायचं सूत्रही दिलं. पण त्यासाठी भरपूर तुकडे लागतात. एका दांडीवरून काढलेलं वर्ष ही नुसती अटकळ.

चिनी मातीचे तुकडे खिडकीपाशी नेऊन बघा. सायीसारखी पिवळट झाक असेल तर १७६० च्या दशकानंतरचे, इंग्लंडात वेजवुड यांनी लोकप्रिय केलेल्या प्रकारातले. बुडाच्या कडेला जिथे चकाकी साचते तिथे निळसर दिसत असेल तर त्यानंतरचे, साधारण १७८० ते १८३० मधले. पांढरेशुभ्र असतील तर १८२० च्या पुढचे. खड्ड्याचं वय ठरतं ते त्यातल्या सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून. दहा जुन्या बश्यांबरोबर एक तारेचा खिळा निघाला, तर तो खड्डा तारेच्या खिळ्याच्या काळात भरला गेला. आणि वस्तूवर छापलेल्या वर्षालाही फसू नका. लोणची-मुरांबे साठवायच्या मेसन बरण्यांवर ‘३० नोव्हेंबर १८५८’ ही पेटंटची तारीख असते आणि ती पुढे कित्येक दशकं तशीच उमटवली जात होती.

पैशांच्या हिशेबात या डब्याला किंमत नाही. पण तुमच्या काउंटीच्या इतिहास मंडळाला तो नकाशा आणि फोटो पाठवा. त्यांना तो हवा असतो.

प्रश्न : मी ओहायोत राहतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतघराला पुरातत्त्व म्हणायचं? जमिनीचे दस्त, जनगणना, लष्कराचे हुकूम, सगळं कागदावर असताना सरकारी पैशाने माती का उकरायची?

प्रश्न रोखठोक आहे आणि मला तो आवडला. कायद्याचं थोडक्यात सांगते. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याच्या कलम १०६ नुसार, जिथे केंद्र सरकारचा पैसा, परवानगी किंवा काम आहे, तिथे आधी पाहावं लागतं की या कामाने एखाद्या ऐतिहासिक जागेला धक्का लागतोय का. साधारण पन्नास वर्षांची जागा विचारात येते. म्हणून शेतघरही येतं आणि जुनी बरॅकही.

आता कागदाबद्दल. पेनसिल्व्हेनियात फोर्ट नेसेसिटी आहे. ३ जुलै १७५४ ला बावीस वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टन यांनी तिथे फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली, त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव. किल्ला नेमका कसा होता याबद्दल कागदांत एकवाक्यता नव्हती. १८१६ साली एका भूमापकाने उरलेल्या मातीच्या बांधांवरून तो त्रिकोणी काढला, पुढे कुणाला चौकोनी वाटला. १९३२ साली मोठ्या थाटात चौकोनी किल्ला पुन्हा उभारला गेला. मग १९५२-५३ मध्ये हेच हॅरिंग्टन तिथे खणायला गेले. जमीन पाणथळ, त्यामुळे कुंपणाच्या मूळ लाकडी खुंटांची बुडं चिखलात टिकून राहिली होती. ती एकेक करत उघडी पडली तशी रेघ वळत गेली आणि पूर्ण गोल झाली, जेमतेम त्रेपन्न फूट व्यासाचा. लढाईत असलेल्या एका सैनिकाची जुनी जबानी होती, त्यात किल्ला गोल होता असं तो साधेपणाने सांगून गेला होता. त्याचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. १९३२ चा किल्ला पाडून गोल किल्ला बांधला, आज प्रवासी तोच पाहतात. पन्नासेक फुटांच्या त्या गोलात उभं राहिलं की पावसात, चिखलात, सगळ्या बाजूंच्या झाडीतून गोळ्या येत असताना तिथे काय झालं असेल ते कळतं. चौकोनी नकाशावरून ते कळलं नसतं.

हुकूमही असेच. १७७७ च्या डिसेंबरात, स्वातंत्र्ययुद्धात, व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीसाठी वॉशिंग्टन यांनी फर्मान काढलं की बारा जणांमागे एक झोपडी, चौदा फूट रुंद, सोळा फूट लांब, चूल मागच्या भिंतीला. उत्खननात झोपड्या निघाल्या त्या लहानमोठ्या, चुली कुठे मागे तर कुठे कोपऱ्यात. थंडीने काकडणाऱ्या माणसांनी हाताला लागेल त्या लाकडाने, जमेल तशी छपरं उभी केली. पुढच्या काळात सैन्यात दारूचंही तेच. १८३२ साली शिध्यातली दारू बंद करून कॉफी आणि साखर सुरू झाली, १८८१ साली राष्ट्राध्यक्ष हेस यांनी लष्करी ठाण्यांवर दारूविक्री बंद केली. पश्चिमेकडच्या किल्ल्यांच्या कचराखड्ड्यांत बाटल्या निघायच्या त्या निघतातच.

शेतघराचं सांगते, माझ्या टेबलावरचं. मागच्या अंकातल्या त्या घराच्या मालकाचं नाव, त्याचे एकर, घोडे, दुभत्या गाई, वर्षाचं लोणी किती पौंड, हे सगळं शेतीच्या जनगणनेत आहे. १८५० ते १८८० च्या जनगणनांत शेतीचे असे तक्ते स्वतंत्रपणे भरले जात. लोण्याचा रकानाही त्याच्याच नावापुढे. घराच्या मागच्या दाराबाहेर, एका मीटरच्या चौकोनात, लाल मातीच्या पसरट भांड्यांचे तुकडे मिळाले. ही दुधाची भांडी. दूध त्यांत रात्रभर ठेवायचं, साय वर आली की पळीने काढायची. तुकडे धुताना दिसलं की आतली चकाकी बुडाशी शाबूत आहे, पण काठाखाली दोन बोटं अंतरावर घासून घासून गेलीय आणि खालची लाल माती दिसतेय. सगळ्या तुकड्यांवर त्याच उंचीला. रोज पहाटे कुणीतरी त्याच जागी पळी फिरवत होतं, वर्षानुवर्षं. ते हात त्या घरातल्या बाईचे होते. जमिनीच्या दस्तात आणि लोण्याच्या रकान्यात ती नाही. मला तरी ती त्या झिजलेल्या पट्ट्यातच भेटली.

लष्कराच्या हद्दीत शेतघरं कशी, असंही दोघांनी विचारलंय. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला सरावाला प्रचंड जमीन हवी होती. आज फोर्ट ड्रम म्हणतात ते तेव्हाचं पाइन कॅम्प. १९४१ साली ते वाढवताना सुमारे ७५,००० एकर जमीन घेतली गेली, ५२५ कुटुंबं उठली आणि पाच गावं पुसली गेली. देशभर अशी ठाणी आहेत. लोक गेले, घरं पाडली, पण पायऱ्यांचे दगड आणि विहिरी राहिल्या. पुढे तिथे नांगर फिरला नाही की वस्ती वाढली नाही, त्यामुळे त्या शेतांचे थर आश्चर्य वाटावं इतके शाबूत असतात. जंगलात चालताना मध्येच लायलॅकची, म्हणजे अंगणात फुलांसाठी लावतात ती, झुडपं सरळ रेषेत दिसली की आमचं पथक थांबतं. रानात लायलॅक रांगेने उगवत नाही. तिथे कुणाचं तरी अंगण होतं. मग दर पंधरा मीटरवर हातभर खड्डा घ्यायचा, पाव इंची जाळीच्या चाळणीतून माती गाळायची आणि घर कुठे, गोठा कुठे, विहीर कुठे ते कागदावर येऊ लागतं. कधीकधी ज्यांची घरं गेली त्यांची नातवंडं पाहायला येतात. माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या एका आजीबाईंनी तळघराच्या खड्ड्याकडे बोट दाखवून कुठे बटाटे ठेवायचे, कुठे सफरचंदं, ते सांगितलं. मी ते जसंच्या तसं नोंदवहीत उतरवलं.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला मेटल डिटेक्टर मिळालाय. आम्ही व्हर्जिनियात आहोत. गृहयुद्धाच्या रणांगणावर गोळ्या शोधायला जायचा त्याचा हट्ट आहे. नेऊ का?

नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या रणांगणावर मेटल डिटेक्टर नेणं हाच गुन्हा आहे. शिवाय १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्यानुसार केंद्राच्या किंवा आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीतून शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू विनापरवाना काढल्या तर पहिल्या गुन्ह्यालाही १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभर कैद होऊ शकते, नुकसान मोठं असेल तर जास्त. खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी हवी. आणि तोफगोळा सापडला तर हात न लावता दूर होऊन पोलिसांना फोन करायचा. दीडशे वर्षांनंतरही त्यातली दारू फुटू शकते. २००८ साली व्हर्जिनियातच असा गोळा साफ करताना एका संग्राहकाचा जीव गेला.

पण मुलाचा हिरमोड करू नका. मेटल डिटेक्टरने अमेरिकेच्या लष्करी इतिहासात केवढं काम केलंय ते त्याला सांगा. माँटाना राज्यात लिटल बिगहॉर्न इथे २५ आणि २६ जून १८७६ ला लकोटा, शायान आणि अरापाहो या मूळ रहिवासी राष्ट्रांच्या योद्ध्यांनी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या तुकडीचा धुव्वा उडवला. कस्टरबरोबरचे सुमारे २१० जण मेले. त्याच्या बाजूचं सांगायला कुणी उरलं नाही. योद्ध्यांनी जे सांगितलं ते गोऱ्या लेखकांनी बरीच वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ऑगस्ट १९८३ मध्ये तिथे वणवा लागला आणि दाट गवत जळून जमीन उघडी पडली. १९८४ आणि १९८५ साली डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना मेटल डिटेक्टर देऊन ओळीने चालवलं. आवाज आला की झेंडी रोवायची. वस्तू उघडी करायची, पण उचलायची नाही. मागून दुसरं पथक येऊन तिची जागा, खोली आणि गोळीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते मोजायचं, आणि मगच ती पिशवीत जायची.

पुढचं काम माझ्यासारख्यांचं. बंदूक झाडली की फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर खूण उमटवते आणि प्रत्येक बंदुकीची खूण थोडी निराळी असते. पोलीस खुनाच्या तपासात पुंगळ्या जुळवतात तशा इथे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवल्या. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या आधी एका टेकडीवर आणि मग दुसरीवर सापडल्या, म्हणजे तो माणूस कुठून कुठे गेला ते शंभर वर्षांनी कळलं. घोडदळाकडे एकेक काडतूस भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. योद्ध्यांकडे अनेक जातींच्या बंदुका निघाल्या, त्यांत लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टरही बऱ्याच. सैनिकांची फळी कुठे मोडली ते पुंगळ्यांच्या विरळ होत जाण्यावरून दिसलं, आणि लकोटा-शायान वडीलधारी जे सांगत आले होते त्याच्याशी ते पुष्कळ जुळलं. तिथे मेलेल्या सैनिकांच्या जागी १८९० साली पांढरे दगड बसवले होते, सुमारे अडीचशे, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. काही ठिकाणी दोन दगड शेजारी होते. तिथे खणल्यावर बहुतेक जोड्यांखाली एकाच माणसाच्या अस्थी निघाल्या. योद्धे जिथे पडले तिथे लाल ग्रॅनाइटचे दगड लागायला मात्र १९९९ उजाडावं लागलं.

यातली एखादी पुंगळी १९५० साली कुणी खिशात घालून नेली असती तर ती आज घरातल्या काचेच्या कपाटात असती आणि तो माणूस एका टेकडीवरून दुसरीकडे गेला हे कधीच कळलं नसतं. मुलाला एवढं समजलं की तो स्वतःच बरोबर वागेल. पुरातत्त्व खात्यांच्या आणि इतिहास मंडळांच्या स्वयंसेवी मोहिमांना असे हौशी लोक लागतातच. तोवर घरच्या अंगणात दोरीने चौकोन आखून, झेंड्या रोवून सराव करू दे. कोकाकोलाची झाकणं निघाली तरी जागा मोजून लिहायला लावा.

(हे लिहिताना जुनी जखम वर येते. आम्ही एका शेतघराचा संडासाचा खड्डा अर्धा उघडून, झाकून घरी गेलो. सकाळी पाहतो तर रातोरात कुणीतरी बाटल्यांसाठी तो तळापर्यंत उपसला होता. चांगल्या बाटल्या नेल्या, बाकीचं बाहेर फेकलं. त्या मातीत बोरांच्या बिया असतात, जंतांची अंडी असतात, औषधांच्या बाटल्या कुठल्या क्रमाने पडल्या ते असतं. घरात कधी आजारपण आलं, काय खाल्लं, ते त्यातून उलगडतं. तो ढिगारा आम्ही चाळला, पण वर कुठलं आणि खाली कुठलं ते आता कोण सांगणार. त्या कुटुंबाची ती चाळीस वर्षं कायमची गेली.)

प्रश्न : सीमेवरच्या लष्करी किल्ल्यांत फक्त पुरुषच असत ना?

कागदावरसुद्धा नव्हते. १८०२ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीमागे चार धोबिणींना शिधा मंजूर होता आणि १८७८ पर्यंत त्या सैन्याच्या हिशेबात होत्या. बऱ्याचजणी सैनिकांच्याच बायका. अधिकाऱ्यांची घरं परेड मैदानाभोवती, यांच्या खोल्या किल्ल्याच्या कडेला, ओढ्याजवळ. त्या वस्तीला सैनिक ‘सड्स रो’ म्हणायचे, फेसाची आळी. उत्खननात अशा ठिकाणी गणवेशाच्या गरुडवाल्या पितळी बटणांबरोबर शर्टाची साधी, चार भोकांची पांढरी चिनी मातीची बटणं मूठमूठ मिळतात. अंगठाणं, टाचण्या, मुलांच्या गोट्या, पोर्सिलेनच्या बाहुलीचा करंगळीएवढा हात. बाहुलीचा असा हात मी एकदा चाळणीवरून उचललाय. किल्ल्याच्या पत्रव्यवहारात दाणागोटा, घोडे, पळून गेलेले शिपाई, सगळ्यांचे उल्लेख असतात. त्या पोरीचा नव्हता.

प्रश्न : मी जॉर्जियात कॉलेजात आहे. मोठ्या शेतमळ्यांवर मालकांचे वाडे दाखवतात. ज्यांनी तिथे राबून शेती केली त्यांच्याबद्दल जमीन काही सांगते का?

खूप सांगते, आणि हे काम बरंच उशिरा सुरू झालं. १९६८ साली चार्ल्स फेअरबँक्स यांनी फ्लोरिडातल्या किंग्जली मळ्यावर गुलामांच्या झोपड्यांत उत्खनन केलं, ते या प्रकारच्या पहिल्या पद्धतशीर कामांपैकी एक. शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेल्या त्या झोपड्यांच्या भिंती अजून अर्धवर्तुळात उभ्या आहेत. चुलीजवळ मासे, कासवं, रानातले प्राणी यांची हाडं मिळाली. मालकाच्या शिध्यावर पोट भरत नव्हतं, म्हणून दिवसभराच्या कामानंतर ही माणसं खाडीत आणि रानात जात होती. व्हर्जिनियात झोपड्यांच्या जमिनीखाली छोटे चौकोनी खड्डे निघतात. कुठे त्यांत रताळी साठवलेली, कुठे स्वतःच्या चार वस्तू जपलेल्या. जिथे कुलूप लावायचा हक्क नव्हता तिथे तो खड्डाच कपाट होता.

तुला लष्करी इतिहासही आवडतो असं लिहिलंयस, म्हणून फोर्ट मोसे वाच. कॅरोलायनातली गुलामी तोडून पळालेल्या लोकांना स्पॅनिश फ्लोरिडाने आसरा दिला. १७३८ साली सेंट ऑगस्टीनच्या उत्तरेला त्यांची स्वतंत्र वसाहत आणि किल्ला झाला आणि फ्रान्सिस्को मेनेंदेझ हे त्यांच्या फौजेचे नायक होते. पुढे ती जागा खाजणात बुडाली. कॅथलीन डीगन यांच्या पथकाने १९८० च्या दशकात ती शोधून खणली. खंदक मिळाला, आणि हाताने घडवलेलं संत ख्रिस्तोफरचं छोटं पदकही मिळालं. प्रवाशांना सांभाळणारा तो संत. तिथवर चालत आलेल्या कुणाच्या तरी गळ्यात ते असेल, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : खणताना माणसाची हाडं निघाली तर?

काम थांबवायचं, काही हलवायचं नाही, शेरिफला किंवा पोलिसांना कळवायचं. हाड अलीकडचं आहे की जुनं ते ठरवणं त्यांचं आणि वैद्यकीय तपासनिसांचं काम. केंद्राच्या किंवा आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर मूळ रहिवाशांचे अवशेष निघाले तर १९९० च्या कायद्यानुसार संबंधित राष्ट्राशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फोटो काढून नातेवाइकांना पाठवू नका.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये मानववंशशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या कामात यायचं तर कुठून सुरुवात करू?

उन्हाळ्यात एक फील्ड स्कूल, म्हणजे प्रत्यक्ष उत्खनन शिकवणारा अभ्यासक्रम, कर. त्याशिवाय पथकात कुणी घेत नाही. पदवीनंतर क्षेत्र-तंत्रज्ञ म्हणून लागता येतं, पथक चालवायचं तर पुढे मास्टर्स लागेल. फोर्ट डेव्हिस बघून ये, तुझ्याच राज्यात आहे. गृहयुद्धानंतरच्या कृष्णवर्णीय पलटणी तिथे होत्या. नुसतं फिरून येऊ नकोस, कुठल्या जोत्यावर कुठली इमारत होती ते नकाशा हातात घेऊन बघ.

पहिले काही आठवडे तुला चाळणीवरच उभं करतील. बादली ओतलीस की आधी माती हाताने पसरव, मग चाळणी हलव. ढेकळं जाळीवर घासू नकोस, काच आणि हाडं त्यातच तुटतात. पिशवीवर जागेचा क्रमांक, खड्डा, थर, तारीख आणि तुझी आद्याक्षरं, या क्रमाने, आणि पिशवी भरण्याआधी. खिशात दोन पेन्सिली ठेव.